पाच वाक्यांचं इंग्रजी

आमच्या आश्रमशाळेत गुरुजींच्या वर्गाला दार नव्हतं. म्हणजे दार होतं, पण चौकटीत नव्हतं. ते वर्गात मागच्या बाजूला चार दगडांवर आडवं टाकलेलं होतं आणि त्यावर सहा पोरं बसून पाढे म्हणत होती. मी तेव्हा नवीनच रुजू झालेली. नाशिकहून आलेली, इंग्रजी घेऊन एम.ए., वर बी.एड., आणि डोक्यात हवा. मी विचारलं, गुरुजी, हे काय? तर म्हणाले, वाळवी लागलेलं होतं, एका बिजागरीवर लोंबत होतं, काढलं. आणि थोडं थांबून खरं कारण सांगितलं. दार असलं की पोरं दारात उभी राहून 'मे आय कम इन' म्हणतात. गुरुजींना ते ऐकवत नसे.

मी मनात म्हटलं, झालं. पहिल्याच नोकरीत वेड्याशी गाठ.

गुरुजी मोखाड्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचे. अंगाने काटकुळे, बारा महिने काखेत छत्री. चपला पायात कमी आणि पिशवीत जास्त. ओढे ओलांडत, रान तुडवत अनवाणी यायचे आणि शाळेच्या फाटकापाशी चपला काढून घालायचे. चपला झिजवायच्या तर सरकारी जमिनीवर झिजवाव्यात, असं त्यांचं म्हणणं. पहिली ते चौथी त्यांच्याकडे. घरी कोकणा आदिवासींची कोकणी बोलत, पोरांशी वारली, शाळेत मराठी, वीटभट्टीवरच्या मुकादमांशी हिंदी आणि बाजारात व्यापाऱ्यांशी अस्सल गुजराती. एकदा वरून एक फॉर्म आला. त्यात 'अवगत भाषा' असा रकाना होता. गुरुजींनी लिहिलं, 'इंग्रजी : पाच वाक्ये.' बस्स. मी म्हटलं, अहो, बाकीच्या पाच भाषा? म्हणाले, त्या काय मी शिकलोय थोडाच, त्या तर बोलतो.

ती पाच वाक्यं आता अख्ख्या तालुक्यात पाठ आहेत. 'से अगेन, स्लोली.' 'व्हाय?' 'शो मी द पेपर.' 'नॉट नाऊ.' आणि 'नो.' पहिलीत पहिलं, दुसरीत आणखी एक, तिसरीत आणखी एक. चौथीत उरलेली दोन. 'नो' अगदी शेवटी. मला हसू यायचं. एवढुसा शब्द, तो पहिल्याच दिवशी शिकवून टाका की, म्हटलं मी. तर गुरुजी गंभीर झाले. "फार अवघड आहे तो, बाई. मला स्वतःला चाळिशीत म्हणता आला."

ही वाक्यं त्यांना कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. शिक्षक व्हायच्या आधी दोन पावसाळे ते ठाण्याला इमारतीच्या कामावर होते. तिथला फोरमन दक्षिणेकडचा, त्याला हिंदीही येत नव्हती आणि मराठीही. तो वर परांचीवर उभा राहून इंग्रजीत ओरडायचा आणि खालचे सगळे 'येस सर, येस सर' म्हणत भलतंच काहीतरी करायचे. मग तो आणखी ओरडायचा. कामावर एक म्हातारा तेलुगू फिटर होता. तो तेवढा पान्हा खाली ठेवायचा, वर बघायचा आणि म्हणायचा, "से अगेन, स्लोली." गुरुजी सांगत, मग तो फोरमन शिडीवरून खाली उतरायचा. उतरून म्हाताऱ्याजवळ उकिडवा बसायचा आणि काडीने मातीत रेघा ओढून समजावून सांगायचा. दोन वर्षं हे रोज बघितलं. त्या म्हाताऱ्याकडूनच त्यांनी पाचही वाक्यं घेतली आणि बदल्यात त्याला नागलीची भाकरी खायला शिकवलं.

तेव्हापासून गुरुजींची इंग्रजी मोजायची एकच पट्टी. समोरचा खाली बसतो की नाही? उच्चार, व्याकरण, त्यांना कशाशी कर्तव्य नव्हतं.

आणि त्यांचा पक्का राग होता तो 'सॉरी'वर. त्यांच्या वर्गात कुणी सॉरी म्हटलं की वर्गाभोवती एक फेरी, पळत. मला हा शुद्ध छळ वाटायचा. मी तावातावाने भांडले की नम्रपणा शिकवायचा नाही का मुलांना? गुरुजी म्हणाले, आमच्या पाड्यावरच्या बोलीत या शब्दाला शब्दच नाही. कुणाचं पाणी सांडलं तर सांडणारा भरून आणून देतो. तोंडाने म्हणून मोकळा होत नाही. "आपली पोरं न शिकवताच जन्मभर माफी मागत फिरतात, बाई. तेवढी तरी इंग्रजीत नको."

बरं, हे सगळं वर्गापुरतं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हा माणूस ती वाक्यं कुणावरही चालवायचा. हजेरीपटावर सही करायची असली तरी आधी वरपासून खालपर्यंत वाचणार. मुख्याध्यापकांनी सूचनावही पुढे केली की 'नॉट नाऊ' म्हणून चष्मा पुसायला घेणार. जव्हारच्या स्टँडवर एकदा कंट्रोलर गाडी रद्द झाल्याचं कर्ण्यावरून भरभर बोलला. गुरुजी खिडकीपाशी गेले आणि शांतपणे म्हणाले, "से अगेन, स्लोली." कंट्रोलर मराठीतच बोलला होता. पण त्याने पुन्हा सांगितलं, हळू सांगितलं, आणि हळू सांगताना त्याचं त्यालाच कळलं की रद्द झालेली गाडी दुसरीच होती. आम्ही तिघी बायका तोवर रिक्षा ठरवायला निघालो होतो.

शिरपामाळला शाळेची सहल गेली तेव्हाची गोष्ट. सुट्टीला आलेल्या मुंबईच्या एका बाईंनी आमच्या दुसरीतल्या पोराला इंग्रजीत काहीतरी विचारलं, गॉगल कपाळावर ठेवून, चालता चालता. मी पुढे होऊन त्याच्या वतीने उत्तर द्यायला गेले तर गुरुजींनी छत्री आडवी घातली. पोरगं म्हणालं, "से अगेन, स्लोली." बाई थबकल्या. मग हसल्या, गुडघ्यांवर वाकल्या आणि शेवटी गवतात चक्क मांडी घालून बसल्या. त्या पोराने त्यांना अर्धा तास करवंदाची जाळी दाखवली. गुरुजी माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "बसली."

मला मिरच्या झोंबल्या. खोटं कशाला बोलू, कारण त्या बाईंशी बोलायला मीच मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते. माझी एम.ए.ची इंग्रजी सगळी कागदावरची. माझ्या वडिलांच्या वेळी अर्ज इंग्रजीत लिहिता आला की माणूस विद्वान. माझ्या वेळी निबंध आणि व्याकरणात पैकीच्या पैकी आले की विद्वान. मी नोकरीला लागले तोवर पट्टीच बदलून गेली. आता म्हणे फाडफाड बोलता आलं पाहिजे. प्रशिक्षणात एका पंचविशीच्या पोराने मला उभं करून दोन मिनिटं बोलायला लावलं तेव्हा मी निबंधातली दोनच वाक्यं तीनदा म्हटली. मग मी चंगच बांधला. माझं जे व्हायचं ते झालं, माझी मुलं तरी फाडफाड बोलतील. रात्रंदिवस घोकून घेईन पण बोलतील.

गुरुजी म्हणत, बाई, ही पट्टी दर दहा वर्षांनी बदलते आणि प्रत्येक वेळी आपण तिच्यात एक वीत कमीच भरतो. माझी पाच वाक्यं मात्र तेवढीच राहिली.

आणि मग मंजुळाचं प्रकरण झालं.

मंजुळा चौथीत. जामसरच्या अलीकडच्या पाड्यावरची. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. धाकटा भाऊ रांगायला लागलेला. बापाने सरळ सांगून ठेवलं होतं की यंदा पोरीला शाळेतून काढून भट्टीवर नेतो, बारक्याला सांभाळायला कुणीतरी हवं. त्याच वर्षी मुंबईची एक संस्था आमच्याकडे आली. आसपासच्या शाळांमधून मुलं निवडून ती शहरातल्या इंग्रजी शाळेत घालायची, राहण्याजेवणासकट. आमच्या शाळेतून दोन घेणार होते. बाप म्हणाला, निवडली तर जाऊ दे, आजी येईल भट्टीवर. नाही निवडली तर माझ्याबरोबर.

म्हणजे पोरीचं सगळं आयुष्य एका मुलाखतीवर आलं.

मी महिनाभर मुलांना रगडलं. माझं नाव अमुक, माझ्या गावाचं नाव तमुक, माझे वडील शेतकरी आहेत, मला डॉक्टर व्हायचं आहे. बारा वाक्यं, इंग्रजीत, एका दमात. झोपेतून उठवलं तरी म्हणतील अशी. मंजुळाला बाराच्या बारा येत होती. मी तिला बजावलं होतं की मुलाखत घेणाऱ्यांनी काहीही विचारलं तरी थांबायचं नाही, सुरू करायचं. गुरुजी ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी छत्री उघडून मिटली.

मुलाखत घ्यायला आलेल्या बाई गोऱ्यापान, जाड चष्म्याच्या, मनाने चांगल्या. पण इंग्रजी असं की नळ सोडल्यासारखं. पहिला मुलगा आत गेला. बाईंनी विचारलं, पंख्याचा त्रास होतोय का, बंद करू? त्याने सांगितलं की त्याचे वडील शेतकरी आहेत. बाईंनी विचारलं, सकाळी काय खाल्लंस? त्याने सांगितलं की त्याला डॉक्टर व्हायचं आहे. थांबला म्हणून नाही. मी खिडकीबाहेर उभी राहून अभिमानाने मान डोलावत होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, पण जीभ कशी सरसर चालत होती.

मग मंजुळा. बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला आणि ही कार्टी म्हणाली, "से अगेन, स्लोली."

 बाईंनी पुन्हा विचारलं. ही पुन्हा तेच म्हणाली. तिसऱ्यांदा बाईंनी एकेक शब्द सुटा करून विचारलं तेव्हा हिने वर पाहिलं, पंखा बघितला आणि म्हणाली, "नो." सकाळी काय खाल्लं यालाही दोनदा विचारायला लावलं आणि मग दोन शब्दांत सांगितलं, भाकरी, चटणी. बारा वाक्यांपैकी एकही नाही. महिन्याची मेहनत पाण्यात. मी गुरुजींना म्हटलं, तुमच्या पाच वाक्यांनी पोरगी भट्टीवर धाडलीत, आता बघत बसा. रागाने माझा आवाज फाटला होता.  गुरुजींचा चेहरा उतरला होता, तो मी पहिल्यांदाच बघितला.

यादी वाचली. मंजुळाचं नाव नव्हतं.

पाहुण्या गाडीकडे निघाल्या. आणि आमचे गुरुजी, चपला घालून, छत्री काखेत मारून, गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. मुख्याध्यापकांनी कपाळाला हात लावला. गुरुजी म्हणाले, "व्हाय?"

बाईंनी इंग्रजीत बरंच काही सांगितलं. निकष, प्रवाहीपणा, आत्मविश्वास. गुरुजी म्हणाले, "से अगेन, स्लोली." बाईंनी हळू सांगितलं. हळू सांगितल्यावर ते निम्मं झालं. गुरुजींनी परत म्हटलं. आता पाव उरलं. मग गुरुजी म्हणाले, "शो मी द पेपर."

बाईंनी खरंच पिशवीतून कागद काढला. आणि काय सांगू, तो दाखवायला त्या शाळेच्या पायरीवर बसल्या. गुरुजी शेजारी बसले. मंजुळाच्या नावापुढे लिहिलं होतं की ओघ नाही, प्रश्न वारंवार विचारावा लागतो. गुरुजींनी त्यावर बोट ठेवलं आणि पुन्हा विचारलं, "व्हाय?"

बाईंनी चष्मा काढून तो कागद पुन्हा वाचला. मग मराठीत बोलल्या, चांगल्या स्वच्छ मराठीत, तोवर आम्हाला माहीतच नव्हतं त्यांना येतं ते. "कारण तिला माझा प्रश्न ऐकायचा होता," त्या म्हणाल्या. "बाकी कुणालाच नव्हता."

त्यांनी आणखी एक नाव घातलं. एका शाळेतून दोन घ्यायची होती, त्या वर्षी तीन गेली. गुरुजींनी त्यांना निघताना मोहाच्या वाळलेल्या फुलांची पुडी दिली. बाई थँक्यू म्हणाल्या तर तोंड फिरवून उभे राहिले; नुसतं तोंडाने म्हणून मोकळं होणं त्यांना इथेही खपत नसे.

हे सगळं झाल्यावर मी शहाणी व्हायला हवं होतं, की नाही? पण माणूस एवढ्या लवकर शहाणा झाला असता तर शाळाच कशाला काढाव्या लागल्या असत्या.

दोन वर्षांनी, एक मेचं झेंडावंदन. शाळेला सुट्टी लागलेली, पण निकालासाठी आसपासची मुलं आलेली, त्यांचे आईबाप आलेले, सरपंच आलेले. झेंडा झाला, खाऊ वाटायला घेतला आणि फाटकातून मंजुळा आली. उंच झालेली, पायात बूट, पाठीवर भलीमोठी बॅग, तोंड उन्हाने लाल.  माझी विद्यार्थिनी. ती थेट माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, आमचं घर..."

मी तिला पुढे बोलूच दिलं नाही. हात धरून झेंड्याच्या ओट्यासमोर नेलं. सगळ्यांना सांगितलं, बघा, आपल्या शाळेची पोर. आणि तिला म्हटलं, "मराठीत एक शब्द नाही हं. इंग्रजीत बोल. सगळ्यांना ऐकू दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग बोलली. काय बोलली ती, अहाहा. सरसर, न अडखळता, अगदी त्या जाड चष्म्याच्या बाईंसारखी. शब्द मला सगळे येत होते, एम.ए. झालेय मी. पण मी काय सांगितलं जातंय ते ऐकतच नव्हते. मी उच्चार ऐकत होते. तिचं बोलणं संपलं आणि मी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी वाजवल्या. मुख्याध्यापक 'व्हेरी गुड, व्हेरी गुड' म्हणाले. सगळं अंगण उभं राहून टाळ्या वाजवत होतं आणि ती मधोमध उभी होती, हातात बॅगेचा पट्टा घट्ट धरून.

गुरुजी गर्दीतून पुढे आले. निवृत्त व्हायला त्यांना महिनाच उरला होता. छत्री बाजूला ठेवली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले, मातीत.

"से अगेन," ते म्हणाले. "स्लोली."

मंजुळाने एकेक शब्द सुटा केला. "हाऊस इज लॉक्ड. आय डोन्ट नो व्हेअर माय मदर इज." आणि मग तिचा बांध फुटला आणि ती आपल्या भाषेत म्हणाली, "आयस कठं गेली, गुरुजी?"

टाळ्या थांबल्या. माझे हात अजून एकमेकांना चिकटलेले होते, ते कुठे ठेवावेत कळेना. जन्मात एवढी लाज वाटली नव्हती मला, आणि वाटायलाच हवी होती.

झालं होतं असं की शहरातल्या शाळेच्या गाडीने तिला पहाटे फाट्यावर सोडलं. पाड्यावर गेली तर घराला कुलूप. मंजुळा शहरात शिकायला गेल्यापासून बारक्याला सांभाळायला आजी भट्टीवर जायची, पण दर सुट्टीत तिच्यासाठी घरी परतायची. यंदा आईला बरं नसल्यामुळे आजी भट्टीवरच राहिली होती. बापाचा फोन बंद. पाड्यावरचे सगळेच कामाला बाहेर. पोरगी बॅग घेऊन दोन कोस चालत शाळेत आली, इथे कुणीतरी ऐकून घेईल म्हणून. आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

गुरुजींनी मुकादमाला फोन लावला. हिंदीत. मुकादम म्हणाला, ते लोक कामावर आहेत, रात्री बोलायला सांगतो. गुरुजी म्हणाले, व्हाय? तो काहीतरी भरभर बोलला. गुरुजींनी त्याला हळू बोलायला लावलं. तीनदा. चौथ्यांदा तो बिचारा फोन घेऊन भट्टीपर्यंत चालत गेला असावा, कारण मग मंजुळाच्या आईचा आवाज आला. बरी होती. फोन चिखलात पडून बंद झाला होता आणि निरोप ज्याच्याकडे दिला तो विसरला होता, एवढंच. गुरुजींनी फोन मंजुळाच्या कानाला लावला आणि आम्ही सगळे लांब झालो. मी ठरवून टाकलं की उद्या पहिल्या गाडीने मी स्वतः हिला आईकडे पोचवणार.

तिचं बोलणं झालं तशी मी तिच्याजवळ गेले. ती ओट्याच्या कडेला बसून नाक पुसत होती. काय बोलावं? माझ्याकडे मराठी होतं, इंग्रजी होतं, दोन्हीतल्या पदव्या होत्या. मी तिच्यासमोर मातीत बसले, नव्या साडीसकट, आणि तोंडातून आलं ते एकच.

"सॉरी, मंजुळा."

तिने डोळे पुसले. माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी मुद्दाम छत्रीची काडी तपासत होते.

"बाई," ती हळूच म्हणाली, "शाळेला एक फेरी."

सरपंच बघत होते, मुख्याध्यापक बघत होते. मी पदर खोचला, चपला काढून तिच्या हातात दिल्या आणि पळत सुटले.